फोन किंवा टॅब दुरुस्तीला कुणाकडे द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली की ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, सगळे एकच गोष्ट विचारतात: फोन पडलाय, आता कुठे देऊ? घाबरलेल्या माणसाने घाईत दुकान निवडलं की एका बिघाडाचे दोन होतात. म्हणून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाव मुद्दाम दिलेले नाहीत, सुट्या भागांचे दर फार लवकर बदलतात.

१. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ की जवळच्या दुकानात?

वॉरंटी चालू असेल किंवा फोनचा विमा, डॅमेज प्रोटेक्शन असं काही घेतलं असेल, तर थेट सर्व्हिस सेंटर. बाहेर एकदा फोन उघडला की वॉरंटी आणि विमा दोन्हींवर पाणी पडण्याची शक्यता असते. विम्याचा दावा करायचा असेल तर दुरुस्तीच्या आधी कंपनीला कळवा, नंतर नाही.

वॉरंटी संपली असेल तर बिघाड काय आहे त्यावर ठरवा. स्क्रीन आणि बॅटरीसाठी मी आधी सर्व्हिस सेंटरचा भाव काढायला सांगतो, कारण तिथे सुटा भाग खात्रीचा असतो. बोर्डाचा (फोनच्या आतल्या मुख्य सर्किटचा) बिघाड असेल तर उलट. सेंटरवाले बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलायला सांगतात. त्यात बिल जवळजवळ दुसऱ्या फोनाएवढं होतं आणि आतला डेटाही जातो. चांगला कारागीर तेच काम बोर्डावरची एक आयसी (चिप) किंवा एक कपॅसिटर असा छोटा भाग बदलून करू शकतो.

२. गूगलवर सर्व्हिस सेंटरचा नंबर मिळाला. त्यावर फोन करू का?

तो नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा फोनमधल्या कंपनीच्या अ‍ॅपवर दिसत असेल तरच करा. कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर पेरून ठेवणाऱ्यांचा धंदाच आहे. "नोंदणीसाठी १० रुपये पाठवा" किंवा "हे अ‍ॅप टाका, आम्ही इथून बघतो" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकलं की तुमचा ओटीपी त्याला दिसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, इथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

रस्त्यावरच्या पाटीवर कंपनीचा लोगो असणं हा पुरावा नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची आणि सुट्या भागांची माहिती एका ठिकाणी सापडते.

३. दुकानदार कामाचा आहे हे पाच मिनिटांत कसं ओळखू?

फोन उघडण्याआधी तो काय करतो ते बघा. चांगला माणूस आधी विचारतो: कधीपासून असं होतंय, पाण्यात पडला होता का, याआधी कुणी उघडलाय का? मग तुमच्यासमोर टच, कॅमेरा, स्पीकर, माइक, चार्जिंग तपासून काय चालतं आणि काय नाही ते सांगतो. फोन बंदच असेल तर डीसी सप्लायला (बाहेरून मोजून वीज देणाऱ्या यंत्राला) लावून तो किती करंट खेचतोय ते बघतो. नुसत्या त्या आकड्यावरून शॉर्टिंग आहे की बॅटरी मेली आहे याचा अंदाज येतो. फोन हातात घेताक्षणी "बोर्ड गेलाय" म्हणणाऱ्याकडून फोन परत घ्या.

बोर्डाचं काम असेल तर टेबलावर मायक्रोस्कोप हवा. त्याशिवाय आजच्या फोनचं बोर्ड हाताळणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोड, नागपुरात सीताबर्डी अशा गर्दीच्या बाजारात आणखी एक गोष्ट विचारा: "काम कोण करणार?" बाहेर उभा राहून गिऱ्हाईक बोलावणारा मुलगा आणि दुरुस्ती करणारा कारागीर वेगळे असतात. अनेक दुकानं बोर्डाचं काम दुसऱ्या टेबलावर पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण तुम्हाला ते आधी कळलं पाहिजे.

४. पावतीवर काय काय लिहून घ्यायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. दुकान कोणतंही असो, फोन सोडण्याआधी जॉब शीट किंवा साध्या कागदावर एवढं हवं: मॉडेल आणि आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), तुमची तक्रार, आधीपासून असलेले चरे आणि तडे, कोणत्या दर्जाचा भाग टाकणार (प्रश्न ५), अंदाजे खर्च, त्यापेक्षा जास्त लागलं तर विचारल्याशिवाय काम करायचं नाही ही अट, दुरुस्त झाला नाही तर तपासणीचे पैसे किती, आणि कामाची वॉरंटी किती दिवसांची व कशावर.

जो हे न कुरकुरता लिहून देतो त्याच्याकडे चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. "आपल्यात कसला कागद, विश्वास ठेवा ना" म्हणणारा माणूस वाईट असेल असं नाही. पण महिन्याभराने डिस्प्लेवर रेघ आली की त्याला काय बोललो होतो ते आठवत नाही आणि तुम्हालाही सिद्ध करता येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. छोट्या दुकानाला जीएसटी नोंदणी नसू शकते, तेव्हा साधी पावती चालते. मात्र नोंदणी नसताना जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत.

५. एक म्हणतो ओरिजिनल फोल्डर, दुसरा ओजी, तिसरा कॉपी. नेमका फरक काय?

बाजारात डिस्प्ले आणि टच मिळून जो जोड येतो त्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. त्याचे ढोबळ प्रकार असे.

सर्व्हिस पॅक म्हणजे कंपनीचा, सीलबंद खोक्यात येणारा भाग. सॅमसंगच्या काही मॉडेलमध्ये तो फ्रेमसकट येतो. काढीव माल म्हणजे दुसऱ्या फोनमधून काढलेला कंपनीचाच डिस्प्ले. तो चांगला असू शकतो, पण किती वापरला गेलाय ते विचारा. त्यानंतर येते ओएलईडी कॉपी, दुसऱ्या कारखान्यात बनलेली. सगळ्यात स्वस्त म्हणजे टीएफटी किंवा इनसेल कॉपी. यात मूळ फोनमध्ये अमोलेड (ओएलईडीचाच प्रकार) असताना त्या जागी एलसीडी (मागून उजेड देणारा साधा डिस्प्ले) बसवतात.

"ओजी" या शब्दाला कोणतंही प्रमाण नाही, ज्याच्या त्याच्या दुकानात त्याचा अर्थ वेगळा. म्हणून "ओरिजिनल आहे ना?" असं विचारू नका. "सर्व्हिस पॅक, काढीव, ओएलईडी कॉपी की टीएफटी?" असं विचारा आणि उत्तर पावतीवर घ्या.

घरी तपासायचं असेल तर खोलीत अंधार करून पूर्ण काळा फोटो उघडा. ओएलईडीवर काळं म्हणजे काळंच, पडदा बंद असल्यासारखा. एलसीडीवर राखाडी उजेड जाणवतो. स्क्रीनखालचं फिंगरप्रिंट टीएफटी कॉपीवर सहसा चालत नाही.

कॉपी टाकूच नका असं मी म्हणणार नाही. चार वर्षं जुना फोन आईला फक्त व्हिडिओ कॉलसाठी हवा असेल तर कॉपी पुरते. फसवणूक होते ती कॉपीचे पैसे ओरिजिनलच्या भावाने घेतल्यावर.

६. वरची काच फुटलीय, चित्र नीट दिसतंय. फक्त काच बदलून मिळेल?

मिळते, पण काम नाजूक आहे. बहुतेक फोनमध्ये काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. जुनी काच तापवून किंवा गोठवून तारेने सोडवायची, डिंक साफ करायचा आणि ओसीए शीट (पातळ पारदर्शक चिकट थर) लावून मशिनमध्ये नवी काच बसवायची. हे करताना डिस्प्ले जाऊ शकतो, कडा वळलेल्या फोनमध्ये तर जास्तच. देण्याआधी एकच प्रश्न: "काम करताना डिस्प्ले गेला तर नवा कोण भरणार?" उत्तर "रिस्क तुमची" असेल तर काचेच्या भावात अख्खा डिस्प्ले गमावण्याची तयारी ठेवा. मशीन ज्याच्याकडे स्वतःची आहे त्याच्याकडेच हे काम द्या.

७. आयफोनमध्ये "अननोन पार्ट" दिसतंय. मला फसवलं का?

आयओएस १५.२ पासून सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे सुट्या भागांचा इतिहास दिसतो. कोणते भाग दिसतील ते मॉडेलवर अवलंबून आहे. "अननोन पार्ट" म्हणजे भाग अ‍ॅपलचा नाही, किंवा अ‍ॅपलचा असूनही त्या फोनशी नीट जोडला गेलेला नाही. आयओएस १८ पासून दुसऱ्या फोनमधून आलेला अस्सल भाग "यूज्ड" असा वेगळा दाखवला जाऊ शकतो. त्यामुळे संदेश आला म्हणजे फसवणूक झालीच असं नाही. पावतीवर काय लिहिलंय आणि स्क्रीनवर काय दिसतंय ते पडताळा. जुना आयफोन विकत घेतानाही हे पान आधी उघडून बघावं.

८. बॅटरी बदलायची वेळ आली हे कसं कळेल? आणि फुगली असेल तर?

आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांखाली गेली की बदलायचा विचार करा. अँड्रॉइडमध्ये ४० टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडू लागला, तर बहुधा बॅटरीच.

फुगलेली बॅटरी ही वेगळी आणि तातडीची बाब आहे. स्क्रीन एका बाजूने उचलली गेली किंवा टॅबची पाठ गोल झाली तर चार्जिंग लगेच थांबवा. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर अजिबात नका, आग लागते. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. ती दुकानात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

९. फोन पाण्यात पडला, तांदळात ठेवलाय. आता?

तांदळातून काढा. तांदूळ बोर्डाखालचं पाणी ओढत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये जाते. अ‍ॅपलनेही तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. फोन बंद करा, सिम ट्रे काढा, चार्जर लावू नका, हेअर ड्रायर मारू नका आणि त्याच दिवशी दुकानात न्या. तिथे बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात, काही जण अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये साफ करतात.

दर वर्षी विसर्जनानंतरच्या दोन-तीन दिवसांत असे फोन येतात. समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट, मीठ तांब्याला झपाट्याने खातं. "चालू आहे की अजून" म्हणून आठ दिवस वापरलेला फोन नवव्या दिवशी कायमचा जातो. पाण्याने बिघडलेल्या फोनवर कुणी सहा महिन्यांची वॉरंटी देत असेल तर सावध व्हा. गंज कुठवर गेलाय ते कारागिरालाही पूर्ण दिसत नाही.

आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असलेला फोन एकदा उघडल्यावर पूर्वीइतका पाणीरोधक राहील असं धरू नका. नवं सील लावून घ्या, तरीही पावसात जपा.

१०. दुकानदार पिन मागतो. फोनमध्ये माझे खासगी फोटो आहेत, काय करू?

ही भीती रास्त आहे. विशेषतः मुली हा प्रश्न संकोचत विचारतात. संकोच करायचं काहीच कारण नाही.

स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग पट्टी (चार्जरचं टोक बसतं तो भाग) या कामांना पिनची गरज जवळजवळ नसते. टच आणि कॅमेरा लॉक स्क्रीनवरूनही तपासता येतो. शेवटची तपासणी तुम्ही स्वतः लॉक उघडून करून द्या. ही कामं समोर बसूनही करून घेता येतात.

सॅमसंगच्या वन यूआय ५ या सॉफ्टवेअरपासून पुढच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये अँड्रॉइड १४ नंतर रिपेअर मोड. तो चालू केला की कारागिराला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज, खाती दिसत नाहीत. ही सोय नसेल तर बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, यूपीआय आणि बँकेच्या अ‍ॅपमधून बाहेर पडा. शक्य असेल तर फोन रीसेट करून द्या. पिन द्यावाच लागला तर तात्पुरता ठेवा आणि फोन परत आला की बदला. पिनची चिठ्ठी फोनच्या पाठीवर चिकटवू देऊ नका, ती दुकानातल्या सगळ्यांना दिसते.

परवानगीशिवाय डेटा काढून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, खासगी अवयवांची छायाचित्रं संमतीशिवाय पसरवणं कलम ६६ई खाली. असं घडलं तर दुकानदाराशी वाद घालत बसू नका, थेट सायबर पोलिसांकडे जा.

११. "फाइंड माय" (हरवलेला आयफोन शोधायची सोय) बंद करायला सांगतात. करू का?

अ‍ॅपलच्या अधिकृत केंद्रात चोरीचा फोन नाही याची खात्री म्हणून ते मागत आले आहेत. आयओएस १७.५ पासून ते बंद न करता फोन दुरुस्तीच्या स्थितीत टाकायची सोय आहे. बाहेरच्या दुकानात स्क्रीन-बॅटरीसाठी बंद करायची गरज नाही. अ‍ॅपल आयडी किंवा गूगलचा पासवर्ड मात्र कुणालाही सांगायचा नाही. टाकायची वेळ आलीच तर स्वतःच्या हाताने टाका.

१२. फोन पूर्ण डेड आहे. फोन गेला तरी चालेल, बाळाचे फोटो हवेत. मिळतील?

कधीकधी मिळतात, पण वाट एकच आहे: तोच बोर्ड निदान काही वेळापुरता जिवंत करणं. आजच्या फोनमध्ये डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावून फोटो निघत नाहीत. "चिप काढून डेटा देतो" असं अलीकडच्या फोनबद्दल कुणी सांगितलं तर तिथे थांबू नका.

म्हणून डेटा हवा असेल तर पहिल्याच दुकानात, पहिल्याच वाक्यात तसं सांगा आणि पावतीवर "डेटा प्राधान्य, बोर्ड बदलू नये, रीसेट करू नये" असं लिहून घ्या. तीन ठिकाणी हॉट एअर (चिप काढायची गरम हवा) खाऊन आलेला बोर्ड माझ्याकडे येतो तेव्हा अनेकदा पॅडच (चिप जोडायचे तांब्याचे ठिपके) उखडलेले असतात. त्या आईला नाही म्हणताना फार वाईट वाटतं. दुकानात जाण्याआधी गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवर दुसऱ्या फोनवरून एकदा बघा, बॅकअप चालू असल्याचं कित्येकांना माहीतच नसतं.

१३. टॅबलेटची दुरुस्ती फोनसारखीच असते का?

नाही. टॅबची काच मोठी, डिंकाने चिकटवलेली आणि उघडताना तडकणारी. सुटे भागही कमी मिळतात. फोन रोज दुरुस्त करणाऱ्याने वर्षात चारच टॅब उघडलेले असू शकतात. "या मॉडेलचं काम याआधी केलंय का?" हे विचाराच.

आयपॅडबाबत एक फायद्याची गोष्ट. साध्या आयपॅडमध्ये वरची टचची काच आणि खालचा डिस्प्ले वेगळे असतात, त्यामुळे फक्त काच बदलणं तुलनेने स्वस्त पडतं. एअर (दुसऱ्या पिढीपासून पुढे), प्रो आणि मिनी ४ पासूनचे मिनी यांत दोन्ही चिकटलेले असतात. अ‍ॅपलच्या केंद्रात फुटलेल्या आयपॅडची दुरुस्ती बहुतेकदा अख्खा आयपॅड बदलून होते, म्हणून डेटाचा बॅकअप आधी घ्या.

१४. टॅब सरकारी योजनेतून किंवा शाळेकडून मिळालाय. बाहेर दुरुस्त करू शकतो?

आधी तो कुणाच्या मालकीचा आहे ते टॅबसोबत आलेल्या पत्रात बघा. महाज्योतीसारख्या संस्थेकडून जेईई, नीटच्या तयारीसाठी मिळालेला टॅब असो की कार्यालयाने दिलेला फोन, संस्थेला लेखी कळवून मगच पुढे जा. त्यावर संस्थेचं सॉफ्टवेअर असेल तर रीसेट करायला लावू नका. खर्च कुणी करायचा हेही आधीच विचारा. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, त्यामागे दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागणं हेही एक कारण होतं.

१५. अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ आली. पैसे मीच भरायचे?

लगेच नाही. अमोलेड स्क्रीनवरच्या या दोषासाठी काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलना वॉरंटी संपल्यावरही स्क्रीन मोफत बदलून दिली आहे. वनप्लसने २०२४ मध्ये भारतात यासाठी आजीवन स्क्रीन वॉरंटी जाहीर केली. फोन बाहेर उघडला असेल किंवा स्क्रीनला तडा असेल तर नकार मिळू शकतो. म्हणून रेघ दिसली की आधी सर्व्हिस सेंटर, नंतर बाजार.

१६. किती खर्चापर्यंत दुरुस्ती परवडते?

माझा हिशेब: त्याच मॉडेलचा चांगला वापरलेला फोन ज्या भावात मिळतो, त्याच्या निम्म्याहून जास्त बिल होत असेल तर थांबा. कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झालेले असतील तर निम्मंही जास्त. डेटासाठी करत असाल तर हा हिशेब लागू नाही (प्रश्न १२).

१७. भावाने अमेरिकेतून फोन आणलाय. इथे दुरुस्त होईल?

स्क्रीन, बॅटरी सहसा होते. पण वॉरंटी त्या देशापुरती असू शकते, आणि एकाच नावाच्या फोनचं मॉडेल देशागणिक बदलतं. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही. दुकानात फोनचं नाव सांगून पुरत नाही, सेटिंग्जमधला मॉडेल नंबर दाखवा आणि भाग त्यावरून मागवायला सांगा.

१८. स्क्रीन बदलली आणि आता माइक चालत नाही. जबाबदार कोण?

फोन देताना माइक चालत होता हे जॉब शीटवर असेल तर दुकानदार (प्रश्न ४). बऱ्याचदा आतली जोडणारी पट्टी नीट बसलेली नसते किंवा स्क्रू चुकीच्या जागी गेलेला असतो, दहा मिनिटांचं काम असतं. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच कॉल लावा, रेकॉर्डिंग ऐका, दोन्ही कॅमेरे, चार्जिंग, फिंगरप्रिंट बघा. घरी गेल्यावर कळलं तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओसह कळवा. आणि रागाच्या भरात दुसरीकडे उघडायला देऊ नका, मग पहिल्याची जबाबदारी सिद्ध करणं अवघड होतं.

१९. दुकानदार ऐकतच नाही. तक्रार कुठे करू?

आधी लेखी मागणी करा, मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान मुंबईत आणि तुम्ही साताऱ्यात असलात तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. मुदत २ वर्षांची. "आमची जबाबदारी नाही" असं पावतीवर छापलं म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप टळत नाही.

२०. बोर्ड बदलून मिळाला, पण आयएमईआय आता खोक्यावरच्या नंबरशी जुळत नाही. हे ठीक आहे का?

अधिकृत केंद्राने बोर्ड बदलला असेल तर नंबर बदलू शकतो, फक्त नव्या नंबरचा कागद मागून घ्या. बाहेरच्या दुकानाने जुना बोर्ड बसवला असेल तर तो कोणत्या फोनचा होता हा प्रश्न उरतो. *#०६# डायल करून नंबर काढा. केवायएम (KYM), जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस इंग्रजीत १४४२२ ला पाठवा, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. नंबर काळ्या यादीत दिसला तर फोन घेऊ नका, दुकानदाराकडून लेखी खुलासा मागा.

"जुना आयएमईआय नव्या बोर्डावर टाकून देतो" हा प्रस्ताव मात्र अजिबात स्वीकारू नका. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार आयएमईआयशी छेडछाड केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. छेडछाड झालेला फोन माहीत असून जवळ बाळगणंही गुन्हाच आहे.